मायक्रॉन म्हणजे नेमकं किती? मशीन शॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा करून मशीन शॉपला लागलेल्या मुलामुलींच्या कानावर पहिल्या आठवड्यापासून एक शब्द सतत पडतो: मायक्रॉन. ‘दहा मायक्रॉन जास्त आहे’, ‘पाच मायक्रॉनमध्ये आण’, ‘वीस मायक्रॉनचा टेपर येतोय’. भोसरी असो, वाळूज असो की कोल्हापूरजवळची शिरोली, सगळीकडे हीच बोली. व्याख्या बहुतेकांना पाठ असते. गाडी अडते ती पुढे: एवढं बारीक माप आपण हातातल्या हत्याराने वाचलं, तर तो आकडा खरा कशावरून मानायचा? हे माप आलं कुठून ते कळल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी माप, मग हत्यार, मग तापमान, या क्रमाने जाऊ. जवळ एक व्हर्नियर आणि एक ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर घेऊन बसलात तर फार चांगलं.

आधी हिशेब तोंडी बसवा

मीटरचे हजार भाग केले की मिलिमीटर. मिलिमीटरचे हजार भाग केले की मायक्रॉन. म्हणजे मायक्रॉन हा मीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल.

ड्रॉईंगवर मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि बोलणं मायक्रॉनमध्ये चालतं. नवा माणूस चुकतो तो इथे. ०.०५ वाचून ‘पाच मायक्रॉन’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. ते पन्नास आहेत. यावर सोपा उपाय आहे. वहीत माप लिहिताना दशांश चिन्हापुढे नेहमी तीन आकडे लिहा. ०.०५ नाही, ०.०५०. ०.१ नाही, ०.१००. मग चिन्हापुढचा आकडा सरळ मायक्रॉनमध्येच वाचता येतो: ०.०५० म्हणजे पन्नास, ०.००८ म्हणजे आठ, ०.१२५ म्हणजे सव्वाशे. महिनाभर ही सवय ठेवली की पुढे विचार करावा लागत नाही.

‘मायक्रॉन’ हे नाव आता अधिकृत राहिलेलं नाही. कागदोपत्री एककाचं नाव मायक्रोमीटर आहे आणि ड्रॉईंगवर त्याची खूण म्हणजे ग्रीक म्यू आणि पुढे एम. आपल्याकडे मायक्रोमीटर म्हटलं की मोजायचं हत्यार डोळ्यासमोर येतं, त्यामुळे शॉपमध्ये एककाला मायक्रॉनच म्हणतात. या लेखातही तसंच म्हणू.

जुन्या माणसांकडून आणखी दोन शब्द ऐकाल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ‘दोन थाऊ घे’ असं कोणी म्हणालं तर ते जवळजवळ ५१ मायक्रॉन झाले. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी मिळून इंच २५.४ मिलिमीटर असा ठरवून टाकला, त्यामुळे हे रूपांतर अंदाजाचं नाही, तंतोतंत आहे.

दहा लाखावा भाग, पण कशाचा?

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये प्रांता-प्रांताची, कधी कधी गावागावाची मापं वेगळी होती. राज्यक्रांतीनंतर, १७९१ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने सुचवलेलं नवं माप मान्य झालं: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. कुठल्या राजाच्या हाता-पायाचं माप नको, सगळ्यांची मिळून जी पृथ्वी आहे तिचं माप घ्यायचं, ही त्यामागची भूमिका.

ध्रुवापर्यंत मोजत जाणं शक्य नव्हतं. म्हणून पॅरिसमधून जाणाऱ्या रेखावृत्ताचा एक तुकडा निवडला: उत्तरेला डंकर्क, दक्षिणेला बार्सिलोना. दोन्ही गावं समुद्रकाठची. १७९२ मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले. जाँ-बातिस्त दलाँब्र याच्याकडे उत्तरेचा भाग, पिएर मेशँ याच्याकडे दक्षिणेचा. चर्चचे मनोरे आणि डोंगरमाथे यांच्यामध्ये त्रिकोण आखत, कोन मोजत दोघं एकमेकांच्या दिशेने सरकत गेले. देशात क्रांतीची धामधूम, सीमेवर युद्ध. मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून पाहणारा माणूस म्हणजे हेर, असा लोकांचा समज व्हायचा आणि अटकही व्हायची. काम संपायला १७९८ उजाडलं. १७९९ मध्ये त्या मोजणीवरून प्लॅटिनमची एक पट्टी बनवून पॅरिसच्या दप्तरखान्यात ठेवली गेली.

आता आपल्या कामाची गोष्ट. ती पट्टी ठरलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाली. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे याचा हिशेब थोडा चुकला होता. मीटरमागे दोनशे मायक्रॉन! त्या काळी जगातल्या उत्तमोत्तम माणसांनी सहा-सात वर्षं राबून केलेल्या कामातली ही चूक आहे, आणि आज आपण शिकाऊ मुलाकडून वीस मायक्रॉनची अपेक्षा करतो. मोजण्याची कला मधल्या काळात किती पुढे आली हे मला या एका आकड्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

चूक कळली तरी पट्टी बदलली नाही. तोवर मापं तिच्यावरून बनली होती, व्यवहार सुरू झाला होता. पृथ्वी बाजूला राहिली आणि पट्टी हाच मीटर झाला. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या, आणि १८८९ मध्ये ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमची नवी पट्टी प्रमाण ठरली. तिच्यावर दोन बारीक रेघा होत्या. बर्फ वितळण्याच्या तापमानाला, म्हणजे शून्य अंशाला, त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मीटर. तापमानाची अट व्याख्येतच घातली होती, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मायक्रॉन हे नाव याच काळातलं. कराराने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने १८७९ मध्ये ते स्वीकारलं आणि नुसतं म्यू हे अक्षर त्याची खूण ठरवली. ‘मायक्रो’ हा उपसर्ग ग्रीकमधला, अर्थ ‘लहान’. पुढे १९६० मध्ये एककांची आजची आंतरराष्ट्रीय पद्धत आली, तिच्यात ‘मायक्रो’ कुठल्याही एककाला लावायचा उपसर्ग झाला आणि स्वतंत्र नावाची गरज उरली नाही. १९६७ च्या परिषदेत मायक्रॉन अधिकृतपणे रद्द झाला.

त्याच १९६० साली मीटर धातूच्या पट्टीवरून उतरला. क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर, अशी व्याख्या झाली. कारण उघड आहे. मायक्रॉनच्याही खालची मापं लागायला लागली, तेव्हा पट्टीवरच्या रेघेची जाडीच आड यायला लागली. १९८३ पासून आजची व्याख्या आहे: प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तेवढा मीटर. कुठल्या एका शहरात कुलपात ठेवलेल्या वस्तूवर आता काही अवलंबून नाही.

भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, अंमलबजावणी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. देशाची प्रमाण मापं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. तिथल्या मापावरून मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन (हत्यार प्रमाण मापाशी ताडून बघणं) प्रयोगशाळांची मापं तपासली जातात, त्या प्रयोगशाळा तुमच्या कारखान्याचे स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे ठोकळे, तपासतात, आणि त्या स्लिप गेजवर तुमच्या हातातला मायक्रोमीटर तपासला जातो. तुम्ही वाचलेला ‘आठ मायक्रॉन’ खरा आहे असं म्हणता येतं ते या साखळीमुळे. तिच्यातली शेवटची कडी तुमचा हात आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कडीसाठी आहेत.

हत्यार टॉलरन्स बघून उचला

हाताशी आलं ते हत्यार घेऊन मोजू नका. टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या एकूण फरकाच्या, दहाव्या भागापर्यंत वाचू शकेल असं हत्यार घ्या, हा जुना आणि चांगला नियम. टॉलरन्स अर्धा-एक मिलिमीटर असेल तर व्हर्नियर पुरे. तीस-चाळीस मायक्रॉन असेल तर व्हर्नियर ठेवून द्या. बोअरचं (भोकाचं) माप बारीक टॉलरन्सचं असेल तर व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर मुळीच विसंबू नका, बोअर गेज मागून घ्या.

स्टील पट्टीबद्दल एवढंच: कडेचं शून्य घासलेलं असतं, म्हणून १० च्या रेघेपासून मोजा आणि उत्तरातून १० वजा करा.

व्हर्नियर वाचणं

ही युक्ती पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसाने १६३१ मध्ये छापून प्रसिद्ध केली, मीटरच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हर्नियरवर सरकत्या पट्टीवरचे ५० भाग मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात. म्हणून प्रत्येक भाग ०.०२ ने लहान, आणि वाचन वीस मायक्रॉनपर्यंत.

व्हर्नियरचं शून्य मुख्य पट्टीवर २४ च्या पुढे आहे असं समजा. मिलिमीटर झाले २४. आता सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी अगदी समोरासमोर आली ते बघा. सरकत्या पट्टीवर ० ते १० आकडे असतात आणि दर दोन आकड्यांमध्ये पाच घरं. रेघ ३ च्या पुढची तिसरी जुळली, तर ०.३० अधिक ०.०६, म्हणजे ०.३६. माप २४.३६०. डोळा रेघेच्या बरोबर समोर हवा. तिरकं बघितलं की शेजारची रेघ जुळलेली वाटते.

मायक्रोमीटर: इथे वेळ द्या

पॅरिसच्या जाँ लोराँ पामेर याने १८४८ मध्ये ज्या हत्याराचं पेटंट घेतलं, जवळपास तेच आपण आजही वापरतो. आत एक अचूक स्क्रू असतो. थिंबल (बाहेरची फिरती नळी) एक पूर्ण फेरा फिरवला की स्पिंडल (जॉबला टेकणारा सरकता दांडा) अर्धा मिलिमीटर सरकतो. थिंबलवर ५० घरं, म्हणून एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर, दहा मायक्रॉन.

वाचायची रीत: स्लीव्हवर (थिंबलच्या आतली स्थिर नळी) आडवी डेटम लाईन, म्हणजे वाचनाची आधाररेघ, असते. तिच्या एका बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा, दुसऱ्या बाजूला अर्ध्याच्या. समजा पूर्ण मिलिमीटरची १२ ची रेघ दिसते आहे. तिच्यानंतरची अर्ध्याची रेघही उघडी पडली आहे. थिंबलवर डेटमसमोर ३७ आहे. माप झालं १२ अधिक ०.५ अधिक ०.३७, म्हणजे १२.८७०. अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली तर तुम्ही १२.३७० लिहाल, आणि पाचशे मायक्रॉनच्या फरकाने चांगला जॉब भंगारात जाईल. म्हणून माप वाचायच्या आधी स्टील पट्टीने किंवा व्हर्नियरने ढोबळ आकडा बघून घ्या. मायक्रोमीटरने फक्त पुढचं बारीक माप ठरवायचं.

स्लीव्हवर डेटमला समांतर आणखी दहा रेघा असतील तर तुमचा मायक्रोमीटर एक मायक्रॉन वाचतो. त्यातली ४ ची रेघ थिंबलच्या कुठल्यातरी रेघेशी जुळली, तर वरचं माप १२.८७४.

मोजण्याआधीची तयारी अशी. जॉबची धार फाईलने मारून घ्या, बर (कापताना कडेला राहिलेली धातूची कुसळं) राहिला तर तोच आकडा वाढवतो. कूलंट, तेल पुसा. तेलाचा थर काही मायक्रॉनचा सहज असतो. स्पिंडल आणि अ‍ॅनव्हिल (समोरचं स्थिर तोंड) यांच्यामध्ये स्वच्छ कोरा कागद हलका धरून ओढून काढा, दोन्ही तोंडं साफ होतात. मग ते बंद करून शून्य बघा. बंद स्थितीत ०.०२० दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करायचे. शून्यावर येण्याऐवजी दोन घरं मागेच, म्हणजे ४८ वर थांबत असेल तर ०.०२० मिळवायचे. वजा-बेरजेत गोंधळ होतोच, म्हणून शून्य नीट लावून घेणंच चांगलं; ते काम सुरुवातीला सिनियरसमोर करा. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरची तोंडं एकमेकांना लागत नाहीत, त्याचं शून्य सोबत मिळणाऱ्या सेटिंग रॉडवर बघतात.

आणि रॅचेट, म्हणजे थिंबलच्या टोकाची टकटक वाजणारी घुंडी. थिंबल पिळून घट्ट करणं ही नव्या माणसाची सगळ्यात महाग सवय. जोर लावला की फ्रेम ताणली जाते आणि माप कमी येतं. शेवटचा भाग रॅचेटनेच फिरवा, दोन-तीन टकटक ऐकू आल्या की थांबा, वाचा. गोल जॉबवर वाचताना मायक्रोमीटर किंचित हलवून तो व्यासावरच बसलाय याची खात्री करा. दोन सरळ कामगारांची वाचनं वेगळी येतात ती बहुतेक वेळा या स्पर्शामुळे, डोळ्यामुळे नाही.

तापमान: सगळ्यात दुर्लक्षित पायरी

१८८९ च्या पट्टीला शून्य अंशाची अट होती. कारखान्यात शून्य अंश कोण ठेवणार? १९३१ पासून औद्योगिक मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान जगभर धरलं जातं. ड्रॉईंगवर लिहिलं नसलं तरी ५०.००० चा अर्थ ‘वीस अंशाला ५०.०००’ असाच असतो.

पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून एक जॉब घेऊन बघू. ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, फिट छोटा एच ६ (शाफ्टच्या टॉलरन्सची प्रमाण खूण). वरची मर्यादा ५०.०००, खालची ४९.९८४, हातात फक्त १६ मायक्रॉन. लेथवरून उतरवल्या-उतरवल्या जॉब ४० अंशाला आहे आणि माप आलं ४९.९९२. अगदी मधोमध, सगळे खूश. जॉब वीस अंशाला आला की साडेअकरा मायक्रॉनने आकसतो: ४९.९८०५. खालच्या मर्यादेच्याही खाली, रिजेक्ट. मशीनवर माप बरोबर होतं, ऑपरेटरने वाचलंही बरोबर, तरी जॉब गेला. क्वालिटीचं आणि प्रॉडक्शनचं जे भांडण होतं त्यात अशी प्रकरणं बरीच असतात.

चाकणला मे महिन्यात शॉपचं तापमान वीस अंशावर कोण आणणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर व्यवहारातला उपाय आहे. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असतील आणि दोन्ही एकाच तापमानाला आलेले असतील, तर दोघं सारखेच वाढतात आणि फरक बराचसा एकमेकांत मिटतो. म्हणून गरम जॉब लगेच मोजू नका. तो लोखंडी सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरशेजारी ठेवून द्या, जाड जॉबला जास्त वेळ द्या. मायक्रोमीटर मुठीत धरून फिरू नका, हाताची ऊब फ्रेममध्ये जाते. फ्रेमवर प्लॅस्टिकची पट्टी असते ती याचसाठी. अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबला हा उपाय पूर्ण पुरत नाही, तिथे एसी रूममध्येच मोजायला हवं.

स्लिप गेजवर हात बसवा

स्वीडनमधल्या एस्किलस्तूना गावच्या शस्त्रांच्या कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा कारागीर होता. प्रत्येक मापासाठी वेगळा गेज करण्यापेक्षा थोडे ठोकळे असे निवडायचे की ते जोडून हजारो मापं तयार होतील, ही त्याची १८९६ ची कल्पना. मोजमापाच्या सगळ्या इतिहासात मला याच्याइतकं सुंदर काम दुसरं दिसत नाही. विज्ञान अकादमी नाही, राजाश्रय नाही. कारखान्यातल्या माणसाने कारखान्याची अडचण सोडवली.

८७ नगांच्या संचातून ३६.३७५ करून बघा. नियम एकच, शेवटच्या आकड्यापासून सुरुवात. शेवटी ५ आहे, म्हणून १.००५ उचला, उरले ३५.३७०. आता शेवटी ३७ आहेत, म्हणून १.३७, उरले ३४. मग ४ आणि ३०. चार ठोकळ्यांत माप तयार. ठोकळे पुसून, एकमेकांवर आडवे टेकवून, हलका दाब देत फिरवा. तोंडं इतकी सपाट असतात की ते चिकटून बसतात. याला रिंगिंग म्हणतात. तळव्यात धरू नका, तासन्‌तास चिकटलेले ठेवू नका, काम झालं की पुसून व्हॅसलीनचा हात फिरवून पेटीत.

दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं मिळाली तर सिनियरला असा एक जोड करून द्यायला सांगा, माप न सांगता. तुम्ही मायक्रोमीटरने मोजा, मग पेटीवरून आकडा पडताळा. रॅचेटचा हात याने जितका लवकर बसतो तितका कशाने बसत नाही.

स्टिकर आणि वही

प्रत्येक हत्यारावर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो: नंबर, तपासल्याची तारीख, पुढची तारीख. शिफ्ट सुरू करताना तो वाचा. तारीख उलटली असेल तर हत्यार बाजूला ठेवून टूलरूमला कळवा, ‘आजचा दिवस चालवून घे’ म्हटलं तरी. हातून पडलं तरी कळवा, वरून काही दिसत नसलं तरी. पडलेल्या मायक्रोमीटरने घेतलेल्या आकड्याची दिल्लीपर्यंतची साखळी तिथेच तुटलेली असते.

वहीत आकड्याबरोबर हत्याराचा नंबर, वेळ आणि जॉब गरम होता की थंड एवढं लिहा. उद्या त्या जॉबबद्दल तक्रार आली तर पहिल्यांदा याच तीन गोष्टी विचारल्या जातात.